ग्रेडरचाचांची बोटं

ग्रेडरचाचा डोळे मिटून कापूस बघत. भरल्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा. हे सगळं चालू असताना त्यांचे डोळे मिटलेले असत आणि चेहरा दुपारच्या झोपेत काहीतरी छान दिसत असावं तसा. मग ते डोळे उघडून निकाल द्यायचे. "हासून राहिला," म्हणाले की कापूस वरच्या प्रतीचा. "उपाशी हाय," म्हणजे झाडाला पाणी कमी पडलेलं. "झोपेत तोडला," म्हणजे दव असतानाच वेचलेला, ओलसर. आणि तंतू आखूड, तुटका निघाला की कपाळाला आठी घालून म्हणायचे, "धागा रुसला."

धामणगावात रेल्वेलायनीच्या पलीकडे कापसातून सरकी वेगळी करणारं एक जिनिंग होतं. तिथे ते तीस वर्षं कापसाचा ग्रेड ठरवत आले होते. त्यांचं नाव हमीद, पण गावात ते नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. आमच्या घराची मागची भिंत आणि त्यांच्या घराची मागची भिंत एकच होती, त्यामुळे मला ते लहानपणापासून ठाऊक. हंगामाच्या दिवसांत ते सकाळपासून तळलेलं काही खात नसत. बोटांना तेल लागलं की कापूस खोटं बोलतो म्हणायचे. थंडीत हात कोटाच्या खिशात, उन्हाळ्यात रुमालात. चाची चिडायच्या, "सोन्याचे हाय का तुमचे हात?" त्यावर चाचा नुसते हसायचे.

गाडीवाल्याच्या तोंडाकडे मात्र ते कधी बघत नसत. एकदा मी विचारलं होतं, असं का. तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. ते म्हणाले, "आपला मालक कोन हाय हे कापसाले माईत नसते बेटा. मंग मले कावून माईत पायजे?"

मी मोठी होईपर्यंत गावाचा रंग उडत गेला. आधी एक जिनिंग बंद पडलं, मग दुसरं, शेवटी चाचांचंही. ज्या रस्त्यावर हिवाळ्यात गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत लागायची, तिथे कुत्री पाय पसरून उन्हात झोपू लागली. पेपर उघडला की आतल्या पानावर एखाद्या ओळखीच्या गावाचं नाव असायचं, तिथल्या कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याचं. बाबा ती बातमी मोठ्यानं वाचत नसत. पेपरची घडी घालून ते आमच्या कापडाच्या दुकानात जाऊन बसत, आणि दुपारी तसेच, कापड मोजायचा लाकडी गज हातात न घेताच, परत येत.

त्याच काळात मी अमरावतीला राजापेठेतून कॉम्प्युटर हार्डवेअरचा डिप्लोमा करून आले. आमच्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी. प्रॅक्टिकलला मुलं मशीन उघडायची आणि सर मला म्हणायचे, "तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही जर्नल लिहा." सगळ्या बॅचचं जर्नल मीच लिहिलं. सर्टिफिकेट फर्स्ट क्लासचं मिळालं, पण स्क्रू फिरवायला हात एकदाही गेला नव्हता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. घराबाहेर बाबांनी पाटी लावली, "येथे कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळतील." ती वाचून कोणी आलं नाही. मनातून मला हायसं वाटायचं.

अशाच एका थंडीतल्या दुपारी, अकोल्याच्या गाडीतून उतरून, चाचा स्टेशनापासून पायी आले. सोबत हमाल. हमालाच्या डोक्यावर जुन्या दुलईत गुंडाळलेला मॉनिटर, चाचांच्या छातीशी पिवळट पडलेला डबा. त्यांच्याच जिनिंगच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. मालकांनी सामान विकलं तेव्हा तो अकोल्याच्या भंगारवाल्याकडे गेला होता आणि चाचांनी तो तिथून शोधून काढला होता.

"हे चालू करून दे," त्यांनी माझ्यापुढे डबा ठेवला. "तू शिकली हाय ना याचं?"

वायरी जोडल्या. बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, पुढचा हिरवा दिवा लागला, आणि मॉनिटर काळाच राहिला. त्याचा बारका दिवा नुसता पिवळा लुकलुकत होता. मी वायरी काढून पुन्हा लावल्या. तेच. चाचा माझ्याकडे बघत होते आणि मला एकाएकी रडू आलं.

"चाचा, मी एकटीनं कधीच उघडला नाही हो. सगळं वहीतच आहे."

मला वाटलं होतं ते उठतील, डबा उचलतील आणि अमरावतीला नेतील. ते चटईवर मांडी घालून बसले. "मंग दोघं उघडू," म्हणाले.

अशा आमच्या दुपारी सुरू झाल्या. चाचांच्या मागच्या खोलीला पत्र्याचं छप्पर होतं आणि पश्चिमेला एक खिडकी. तीन वाजले की उन्हाचा पट्टा खोलीत उतरायचा आणि सरकत सरकत आमच्या चटईवर यायचा. पहिल्या दिवशी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि मी बघतच राहिले. आत कापूस होता. वर्षानुवर्षं पंख्यानं ओढलेली रुई थरावर थर बसून नमद्यासारखी झाली होती. मदरबोर्ड दिसतच नव्हता. मी फुंकर मारली आणि रुईचे बारीक तंतू उडाले. उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिले, खाली यायचं नावच घेईनात. चाची दारात चहा घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. आजही त्या खोलीची आठवण आली की आधी ते तंतू दिसतात.

चाचांनी त्यातली थोडी रुई चिमटीत घेतली. डोळे मिटले. ओढली, जुळवली, पुन्हा ओढली. मी वाट बघत होते, आता हे सांगतील, ही दिवाळीआधीची, ही संक्रांतीनंतरची. ते काहीच बोलले नाहीत. हळूच ती रुई त्यांनी खिशात ठेवली. मला वाटलं, जुने दिवस आठवले असतील.

वहीत सगळं क्रमानं लिहिलेलं होतं, माझ्याच सुवाच्य अक्षरात. पडद्यावर काही येत नसेल तर आधी मॉनिटर तपासा. मॉनिटरची वायर डब्यातून काढली तेव्हा पडद्यावर एक निळी चौकट आली, "सिग्नल नाही" अशा अर्थाची. म्हणजे मॉनिटर जिवंत होता. मग आवाज ऐका. चालू होताना मशीन शिट्ट्या मारतं, त्या मोजायच्या. आमचं मशीन मुकं होतं. चाचांनी कान डब्याला लावला. दोन दिवस कान लावून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "याचं तोंडच बांधेल हाय." खरंच, एका कोपऱ्यात रुईखाली इवलासा स्पीकर सापडला, त्याची वायर निसटलेली. ती जोडली आणि बटण दाबलं. एक लांब शिट्टी, दोन आखूड.

वही उघडली. एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. मी इतकी आनंदले की चाचीला मिठी मारली.

पण आनंद तिथेच अडकला. कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या, परत बसवलं. लांब एक, आखूड दोन. मेमरीची पट्टी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत लावली. लांब एक, आखूड दोन. पंधरवडा गेला. गल्लीत बायका विचारू लागल्या, "कावं अर्चना, काय करून राहिली वं तू म्हाताऱ्यासंगं रोज?" आईनं एकदा सांगून पाहिलं, आता पुरे. मला मात्र दुपार झाली की त्या खोलीत जावंसं वाटायचं. तिथे कोणी मला घाई करत नव्हतं. चाचा म्हणायचे, "याले बोलायचं हाय. बोलन."

मग एके दिवशी ते झालं. कार्डाची एक तार सुटलीशी वाटली म्हणून मी जोड पक्का करायला डाग द्यायची सळई तापवली होती. माझी पाठ वळली असताना चाचांनी ती उचलली, चुकीच्या टोकाला धरून. मला आधी वास आला. वळून बघते तर ते सळई हातात धरून शांतपणे कार्डाकडे बघत होते. मी ओरडून हिसकावली. त्यांच्या दोन बोटांना पांढरे फोड आले होते.

"चाचा! चटका लागला नाही?"

ते बोटांकडे असे बघत राहिले जशी ती दुसऱ्या कोणाची आहेत. मग म्हणाले, "चाचीले सांगू नको."

चाची बाहेर दळण आणायला गेल्या होत्या. मी त्यांची बोटं पाण्यात धरली आणि त्यांनी खाली मान घालून सांगायला सुरुवात केली. बोटांतलं कळणं जाऊन तीन वर्षं झाली होती. साखरेचा आजार. आधी टोकं, मग पेरं. शेवटचे दोन हंगाम त्यांनी नुसत्या नजरेनं आणि अंदाजानं काढले होते. डोळे मात्र सवयीनं मिटायचे, कारण लोक बघत होते.

"आन मंग गुलाबची गाडी आली," ते म्हणाले.

गुलाबराव त्यांचे शाळेपासूनचे मित्र. दोन कोसांवरच्या गावात त्यांचं काळं रान होतं, आणि त्यांचा कापूस पंचक्रोशीत नावाजलेला. किडक्या बोंडाची एकही पिवळी कवडी नाही, पानाचा कण नाही. घरातल्या बायकांच्या हातानं निवडून आणलेला. त्या गाडीला खालचा ग्रेड लागला. साऱ्या जिनिंगसमोर. गुलाबराव एक शब्द न बोलता गाडी खाली करून निघून गेले आणि नंतर त्यांनी चाचांच्या दारात पाऊल टाकलं नाही. पुढच्या वर्षी रानात कापसाची पऱ्हाटीच लावली नाही.

"मी सगळ्याईले सांगतलं, का कॉम्प्युटरवरच्या ऑपरेटरनं चूक केली. मी वरचा बोल्लो, त्यानं खालचा टाकला. त्या पोराले मालकानं काढून टाकलं." चाचा थांबले. "इतक्या खेपा सांगतलं बेटा, का मलेच ते खरं वाटाले लागलं. आता समजतच नाई, मी काय बोल्लो होतो. यात लिवून असन. मले पायचं हाय."

म्हणून ते अकोल्याला गेले होते. मी त्यांचा हात तसाच पाण्यात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वही घरीच ठेवून गेले. कार्ड काढलं आणि ते ज्या खाचेत बसतं तिच्यात, चाचा गाडीत हात घालत तसं, डोळे मिटून बोटाचं नख फिरवलं. टोकाशी काहीतरी मऊ लागलं. केसांची पिन घालून ओढलं तर रुईचा एक पीळ निघाला, करंगळीच्या पेराएवढा, घट्ट दाबलेला. कार्ड इतके दिवस त्यावरच अधांतरी टेकत होतं. बाबांच्या सायकलचा पंप आणून हवा मारली. कार्ड बसवलं, आणि या वेळी ते आत जाताना खट्‌ असा आवाज आला, जो मी आधी कधीच ऐकला नव्हता.

एकच आखूड शिट्टी. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर चढू लागले.

चाचा उठून उभे राहिले. चाची कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटत होत्या. मशीनची आतली बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तारीख त्याला ठाऊक नव्हती. त्याच्या लेखी ते स्वतःही अजून बनलं नव्हतं. एक बटण दाबून ते पुढे नेलं आणि जिनिंगच्या नोंदी उघडल्या. गावं, नावं, गाड्या, हंगामामागून हंगाम खाली सरकू लागले. चाचा एकेक नाव वाचताना मान हलवत होते, रस्त्यावर कोणी भेटावं तसे.

गुलाबरावांची नोंद सापडली. ग्रेड खालचा होता. त्यापुढे शेऱ्याचा एक रकाना होता. ऑपरेटर त्यात चाचा जे बोलतील ते, जसंच्या तसं, इंग्रजी अक्षरांत टाकत असे. मी ते मोठ्यानं वाचलं, "धागा रुसला."

जगात दुसरं कोणी असं बोलत नव्हतं.

चाचा पडद्याजवळ गेले. ती अक्षरं त्यांनी बोटानं चाचपली. "हाताले काईच लागलं नोयतं," ते हळू म्हणाले. "वाटलं, दोस्ताले वरचा देल्ला तं लोकं म्हनतीन, दोस्ती निभावली. म्हनून खालचा बोल्लो. मीच बोल्लो." मी मशीन बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. दिसू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात उभे. मी बाबांची लूना काढली, चाचा मागे बसले. वाटेत दोन्ही बाजूंना तूर वाळत उभी होती, शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या.

गुलाबराव खळ्यातल्या कडुनिंबाखाली दोर वळत बसले होते. आम्हाला बघून त्यांचे हात थांबले नाहीत. चाचांनी बसायची वाट बघितली नाही.

"गुलाब, तो ग्रेड मीच देल्ला होता. ऑपरेटरची चूक नोयती. माह्या बोटाईले समजत नाई आता. तुहा कापूस चांगला होता."

दोराचे आणखी दोन-तीन पीळ पडले.

"माईत हाय मले," गुलाबराव म्हणाले.

"काय माईत हाय?"

"त्या दिवशी चहा आला होता. सगळे गिलास कडेकडेनं धरून होते. तू मुठीत आवळून उभा. भरेल गिलास, वाफा निघून राहिल्या. मी म्हनलं, याचे हात गेले." त्यांनी दोर बाजूला ठेवला. "मी गाडी खाली होईलोक थांबलो, हमीद. म्हनलं, आता सांगन मले. तू आंगावरून निंगून गेला. मले ग्रेडचा राग नोयता रे."

चाचा मातीतच बसले. गुलाबरावांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, घराकडे तोंड करून हाक दिली, "चहा आन वं! याचा बशीत ओतून, थंडा करून आन. याले चटका समजत नाई."

मी कडुनिंबाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. मग दोघंही एकदम बोलू लागले.

त्या ऑपरेटर मुलाला शोधायचाही चाचांनी खूप प्रयत्न केला. त्याच्या गावी, बडनेऱ्याला, दोन चकरा मारल्या. घर सापडलं, पण ते लोक गाव सोडून सुरतेकडे गेले होते आणि पत्ता कोणाजवळ नव्हता. चाचांनी त्याला लिहिलेली चिठ्ठी कपाटात तशीच राहिली. ते काही नीट झालं नाही, आणि झालं असं त्यांनी कधी भासवलंही नाही.

तो कॉम्प्युटर त्यांनी मला दिला. त्यावर मी पाटीखाली खरोखरच दुरुस्त्या करायला शिकले. वर्ष-दीड वर्षात तो कायमचा गेला, पण तोवर गावातली दोन ऑफिसं आणि एक शाळा मला बोलवू लागली होती. पुढे राजापेठेत, जिन्याखालच्या एका गाळ्यात, मी स्वतःचं दुकान टाकलं. चाचा-चाची अकोल्याला मुलाकडे राहायला गेले.

राजापेठेत एका शिकवणीवाल्या सरांची हार्ड डिस्क माझ्याकडे आली होती. त्यांच्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात होत्या. दोन डिस्क जोडलेल्या असताना घाईत मी नको ती पुसली. "आली तेव्हाच खराब होती," एवढं म्हटलं असतं तर भागत होतं. धंद्यात सगळे तेच म्हणतात. सर आले, खुर्चीवर बसले, आणि मी म्हणाले, "सर, माझ्या हातून गेलं." ते जे बोलले ते कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत ऐकू गेलं. परत ते कधी आले नाहीत.

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेले. तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ती आमची शेवटची भेट. चाचा गच्चीला लागून असलेल्या खोलीत खुर्चीवर बसले होते, गुडघ्यांवर शाल, अंगावर ऊन. फार वाळले होते. मी त्यांना सरांची गोष्ट सांगितली. सगळी, मला बोललेल्या शब्दांसकट. वाटलं होतं, ते शाबासकी देतील.

त्यांनी विचारलं, "मंग त्या दिवशी जेवली का तू?"

"जेवले."

"आन झोप?"

"लागली."

"मले दोन साल नोयती लागली बेटा," चाचा म्हणाले. खाली रस्त्यावरून कोणीतरी बोरं विकत चाललं होतं, तो आवाज लांब जाईपर्यंत त्यांनी ऐकला. आणि मग बसल्या जागीच त्यांचा डोळा लागला.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी उठले नाही.